गोलफरक सरस असूनही कझाकस्तान बाहेर आणि कॅनडा आत: आइस हॉकीच्या गुणतक्त्याचा हिशेब कसा लावावा?

प्रश्न: हर्णैकर

सर्वांस नमस्कार. मी हर्णैचा. मासेमारी बंद होण्याच्या बेताला आणि चाकरमानी गावात असतानाच आमच्या मंडळाची कबड्डी स्पर्धा होते, आणि गेली बारा वर्षे गुणलेखकाच्या टेबलावर मीच बसतो. यंदा उपांत्य फेरीच्या एका जागेसाठी तीन संघांचे गुण सारखे झाले. आम्ही प्रथेप्रमाणे सर्व सामन्यांतला एकूण गुणफरक पाहिला आणि ज्याचा फरक मोठा त्याला पुढे नेले. त्यावरून रात्री दीड वाजेपर्यंत मैदानावर जो वाद झाला, तो येथे सांगत बसत नाही.

हा प्रकार मी टोरांटोत नोकरीस असलेल्या माझ्या भाच्याच्या कानावर घातला, तेव्हा त्याने उत्तरादाखल आइस हॉकीच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचा २०२१ सालचा एक गुणतक्ता पाठवून दिला आणि ‘मामा, हा सोडवून दाखव’ एवढेच लिहिले. लाटव्हियातील रीगा येथे झालेल्या त्या स्पर्धेच्या ‘ब’ गटात आठ संघ होते व त्यांचे गुण असे आहेत: अमेरिका १८, फिनलंड १७, जर्मनी १२, कॅनडा १०, कझाकस्तान १०, लाटव्हिया ९, नॉर्वे ८, इटली ०. पहिले चार उपांत्यपूर्व फेरीत गेले. कझाकस्तानने २२ गोल केले व १८ स्वीकारले, कॅनडाने १९ केले व १८ स्वीकारले. म्हणजे गुण समान आणि गोलफरक कझाकस्तानचा अधिक चार, कॅनडाचा अधिक एक. तरीही पुढे गेला तो कॅनडा, आणि भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे शेवटी विजेताही तोच ठरला. पहिले तिन्ही सामने हरलेला संघ!

माझ्या शंका दोन. हा निर्णय कोणत्या नियमाने झाला? आणि तक्त्यात विजयाचे दोन रकाने व पराभवाचेही दोन रकाने आहेत, ते कशासाठी? तिसरी शंका केवळ कुतूहलाची आहे: ही स्पर्धा म्हणे दर वर्षी मे महिन्यात असते. मे महिन्यात बर्फ टिकतो कसा? आमच्याकडे बंदरावर लादी उतरवून घेईपर्यंत तिचे कोपरे गळून जातात.

उत्तर: दर्यावर्दी, वेंगुर्ले

हर्णैकर, आपल्या भाच्याने तक्ता नेमका निवडून पाठवला आहे. मी सव्वीस वर्षे व्यापारी जहाजांवर काढली आणि उत्तरेकडच्या बंदरांत, जिथे संध्याकाळी दुसरे काही करण्यासारखे नसते, तिथे हा खेळ पाहायला शिकलो. जमेल तसे उलगडून सांगतो.

आधी रकान्यांविषयी. सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन सत्रांचा, म्हणजे साठ मिनिटांचा असतो. साठ मिनिटांत निकाल लागला तर जिंकणाऱ्यास ३ गुण आणि हरणाऱ्यास ०. बरोबरी झाली तर जादा वेळ, आणि तरीही न सुटल्यास शूटआऊट, म्हणजे एकेका खेळाडूने एकट्याने समोरच्या गोलरक्षकावर चाल करून जायचे. या दोन्हींपैकी कशानेही जिंकलेल्यास २ गुण मिळतात आणि हरलेल्याच्या पदरात १ पडतो. साठ मिनिटे जो बरोबरीने लढला त्याला रिकाम्या हाताने पाठवायचे नाही, असा यामागचा विचार आहे. यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी की, सामना कसाही संपला तरी वाटल्या जाणाऱ्या गुणांची बेरीज तीनच राहते. आपण गुणलेखक आहात, तेव्हा ताळा करून पाहा: आठ संघांच्या साखळीत २८ सामने, म्हणजे ८४ गुण, आणि आपण दिलेल्या आठ आकड्यांची बेरीजही ८४ येते. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये हे साधत नाही, कारण तिथे कोणत्याही विजयाला २ आणि जादा वेळेतल्या पराभवाला १ असल्यामुळे काही सामने दोन गुणांचे होतात व काही तीनचे.

आता कॅनडा आणि कझाकस्तान. गुण समान झाल्यावर या स्पर्धेत एकूण गोलफरक प्रथम पाहतच नाहीत. प्रथम पाहतात ती समोरासमोरची लढत, आणि त्या सामन्यात कॅनडाने कझाकस्तानला ४-२ असे हरवले होते. विषय तिथेच संपला. कझाकस्तानचा तो अधिक चारचा फरक कुठून आला हेही पाहावे: त्यांनी इटलीला ११-३ ने धुतले होते. गटातल्या सर्वांत दुबळ्या संघाविरुद्धचे आठ गोल बाजूला काढले, तर उरलेल्या सहा सामन्यांत त्यांचा फरक उणे चार भरतो. कॅनडानेही इटलीवर ७-१ असा हात धुऊन घेतला होता, तेव्हा तोही अगदी सोवळा नव्हता. पण दुबळ्याला किती झोडपले यावरून दोन बरोबरीच्या संघांमधला सरस कोण हे ठरवू नये, हे तत्त्व मला पटते.

पण कॅनडाची खरी गंमत याच्याही पुढे आहे आणि ती शेवटच्या दिवसाची आहे. लाटव्हियाकडून ०-२, अमेरिकेकडून १-५ आणि जर्मनीकडून १-३ असे हरल्यानंतर कॅनडाने नॉर्वे, कझाकस्तान व इटलीला हरवून ९ गुण केले. शेवटचा सामना फिनलंडशी होता. तो शूटआऊटमध्ये २-३ असा गेला, म्हणजे पराभवच, पण एक गुण देऊन गेला. तो एक गुण नसता तर कॅनडा नऊवर आणि कझाकस्तान दहावर राहून समोरासमोरच्या लढतीचा प्रश्नच उद्भवला नसता. आता उरला जर्मनी विरुद्ध लाटव्हिया हा सामना. दोघांचेही ९ गुण होते. कोणीही जिंको, साठ मिनिटांत जिंकले तर हरणारा नऊवरच राहणार आणि कॅनडा आत जाणार. पण सामना जादा वेळेत गेला असता तर दोघेही किमान दहावर पोहोचले असते, आणि मग कॅनडाची गणिते अशी बिघडली असती:

जादा वेळेत लाटव्हिया जिंकला असता, तर लाटव्हिया ११ आणि जर्मनी, कॅनडा, कझाकस्तान तिघेही १०. तिघे समान असले की त्या तिघांच्या आपापसांतल्या सामन्यांचाच एक छोटा तक्ता मांडतात. त्यात जर्मनीने कॅनडाला, कॅनडाने कझाकस्तानला आणि कझाकस्तानने जर्मनीला हरवलेले, म्हणजे पुन्हा प्रत्येकी ३ गुण. मग त्या छोट्या तक्त्यातलाच गोलफरक: जर्मनी अधिक एक, कॅनडा शून्य, कझाकस्तान उणे एक. जर्मनी आत. आणि जादा वेळेत जर्मनी जिंकला असता, तर लाटव्हिया, कॅनडा व कझाकस्तान दहावर; छोट्या तक्त्यात लाटव्हियाचे ४ गुण, कॅनडाचे ३, कझाकस्तानचे २. लाटव्हिया आत. दोन्ही वाटांनी कॅनडा घरी.

त्यामुळे त्या संध्याकाळी कोण जिंकतो याच्याशी कॅनडाला काही देणेघेणे नव्हते. कोणीतरी वेळेत जिंकावे एवढीच त्याची प्रार्थना होती. यजमान लाटव्हियाचे ऐन घरात जर्मनीने साठ मिनिटांत २-१ असे पारडे फिरवले आणि कॅनडा मागच्या दाराने उपांत्यपूर्व फेरीत शिरला. तिथे त्याने रशियन संघाला २-१ असे जादा वेळेत, मग अमेरिकेला ४-२ आणि अंतिम सामन्यात फिनलंडला ३-२ असे पुन्हा जादा वेळेतच हरवले. गटात ज्या अमेरिकेने व फिनलंडने त्याला नमवले होते, त्या दोघांनाही नमवून तो विजेता झाला.

उत्तर: शिट्टी, गुहागर

मी कबड्डीचा पंच आहे आणि दर्यावर्दींच्या हिशेबात मला चूक सापडत नाही, परंतु तत्त्वाबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही.

समोरासमोरच्या लढतीला एवढे वजन देणे म्हणजे सात सामन्यांच्या साखळीतला एक सामना उरलेल्या सहांपेक्षा मोठा करणे होय. त्या एका दिवशी एखाद्याचा मुख्य खेळाडू जायबंदी असेल, तर त्याची किंमत पुढे कधी भरून निघणार? आपल्या क्रिकेटमध्ये निव्वळ धावगती पाहतात. तिला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत, पण ती निदान संपूर्ण स्पर्धेचा हिशेब तरी मागते. हरलेल्यास गुण देण्याला मात्र माझा विरोध नाही. प्रो कबड्डीच्या सुरुवातीच्या अनेक हंगामांत विजयाला ५, बरोबरीला ३ आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरल्यास १ असा हिशेब होता, आणि त्या एका गुणासाठी हरणारा संघसुद्धा शेवटच्या चढाईपर्यंत जीव तोडून खेळत असे. मी स्वतः पाहिले आहे.

माझी हरकत जादा वेळेला आहे. मी काही चित्रफिती पाहिल्या. साठ मिनिटे प्रत्येक बाजूने गोलरक्षकाखेरीज पाच जण खेळतात आणि जादा वेळेत तीनच. सातांची कबड्डी शेवटच्या पाच मिनिटांसाठी चौघांची केली तर तिला कबड्डी म्हणायचे का? आणि अशा खेळावर जगाचे अजिंक्यपद ठरायचे?

उत्तर: दर्यावर्दी, वेंगुर्ले

पंचसाहेब, हरकत रास्त आहे आणि ती घेणारे त्या देशांतही आहेत. तिघांच्या खेळात मैदान एकदम मोकळे होते आणि गोल लवकर पडतो, हाच त्याचा हेतू आहे. पूर्वी याहून वाईट होते असे माझे मत आहे: २०१८ साली कोपनहेगनमधला अंतिम सामना स्वीडनने स्वित्झर्लंडविरुद्ध शूटआऊटवर जिंकला होता. आता अंतिम सामन्यात शूटआऊट नसतो. वीस-वीस मिनिटांची सत्रे गोल होईपर्यंत चालू राहतात. २०२५ मध्ये स्टॉकहोमला बिचारे स्विस पुन्हा अंतिम फेरीत आले, साठ मिनिटांत एकही गोल झाला नाही आणि जादा वेळेतल्या एकमेव गोलावर अमेरिका जिंकली. नशीब बदलले नाही, पण निदान खेळून हरले.

तिघांचा खेळ हा खेळच असतो, हे मी २०२२ च्या अंतिम सामन्यावरून सांगतो. आमचे जहाज तेव्हा बाल्टिकमध्ये होते आणि मेसरूममधल्या दूरचित्रवाणीसमोर आमचा फिनिश पायलट, म्हणजे जहाजाला बंदराची वाट दाखवणारा वाटाड्या, उतरायची शिडी तयार असूनही दोन मिनिटे उभा राहिला होता. फिनलंडच्याच टांपेरे शहरात फिनलंड विरुद्ध कॅनडा. फिनलंड ३-१ ने पुढे आणि शेवटची तीन मिनिटे. कॅनडाने गोलरक्षकाला बाहेर बोलावले. या खेळात ती मुभा आहे: जाळे मोकळे सोडायचे आणि त्याच्या जागी सहावा आक्रमक घ्यायचा. बहुधा याने मोकळ्या जाळ्यात आणखी एक गोल खावा लागतो, पण त्या दिवशी कॅनडाने दोन गोल फेडून ३-३ केले. पायलट काही न बोलता शिडीकडे गेला. पुढे जादा वेळेत कॅनडाच्या एका खेळाडूला शिक्षा होऊन दोन मिनिटे बाहेर बसावे लागले. तिघांच्या खेळात शिक्षा झाली तर दोषी संघाचे तिघेच राहतात आणि समोरच्याला चौथा मिळतो. त्या चौथ्याच्या जोरावर फिनलंडने गोल केला. त्याच वर्षी फेब्रुवारीत बीजिंगला त्यांनी या खेळातले आपले पहिले ऑलिम्पिक सुवर्णही मिळवले होते.

समोरासमोरच्या लढतीबद्दल मात्र मी माघार घेणार नाही. मोकळ्या जाळ्याचा हा प्रकारच तिच्या बाजूचा पुरावा आहे. शेवटच्या मिनिटात एका गोलाने मागे असलेला संघ गोलरक्षक काढतो आणि दोन गोलांनी हरतो. असे ‘फुकटचे’ गोल प्रत्येक संघाच्या खात्यात कमी-अधिक असतात, आणि त्यांनी फुगलेला एकूण गोलफरक प्रामाणिक कसा मानावा? शिवाय संघही दर वेळी पूर्ण ताकदीचे नसतात. ही स्पर्धा भरते त्याच सुमारास एनएचएलचे स्टॅनले चषकाचे बाद सामने चालू असतात, त्यामुळे ज्यांचे क्लब बाद झाले आहेत असेच खेळाडू देशासाठी मोकळे असतात. कॅनडा आणि अमेरिकेचे संघ म्हणूनच या स्पर्धेत असे अधूनमधून घसरतात. २०२५ च्या उपांत्यपूर्व फेरीत सहयजमान डेन्मार्कने कॅनडाला २-१ असे घरी पाठवले, ही ताजी गोष्ट.

उत्तर: लादीवाला, मिरकरवाडा

गुणांच्या हिशेबात मी पडत नाही. बर्फाच्या शंकेला कोणी हात लावलेला दिसत नाही, म्हणून लिहितो. रत्नागिरीत बर्फाच्या कारखान्यात मी कॉम्प्रेसर सांभाळतो.

हर्णैकर, आपल्या बंदरावर येणारी लादी आणि त्यांचे मैदान ही एकाच घरातली भावंडे आहेत. आमच्याकडे अमोनिया मिठाच्या पाण्याला, म्हणजे ब्राइनला, शून्याच्या बरेच खाली नेतो. मीठ असल्यामुळे ते स्वतः गोठत नाही, पण त्यात बुडवलेल्या डब्यांतले गोडे पाणी गोठून लादी होते. तिथे डबे नसतात. काँक्रीटच्या सपाट लादीत नळ्यांचे जाळे पुरलेले असते, त्यातून तसेच गार केलेले ब्राइन किंवा ग्लायकॉल फिरते आणि वर पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठवत नेतात. एवढे करून बर्फ होतो तो जेमतेम तीन-चार सेंटिमीटर जाडीचा. बाहेर मे असो वा डिसेंबर, खालून उष्णता ओढणारे यंत्र चालू आहे तोवर तो हलत नाही. आपली लादी गळते, कारण डब्यातून निघाल्यावर तिच्यामागे यंत्र नसते, नुसता भुसा आणि गोणपाट असते.

एक गोष्ट मात्र मला फार आवडली. आमची लादी फोडून पाहिलीत तर कडेचा बर्फ काचेसारखा आणि मधला गाभा पांढरा, भुसभुशीत दिसतो. पाणी कडेकडून गोठत येते आणि त्यात विरघळलेली हवा मध्ये ढकलली जाऊन अडकते, म्हणून आम्ही गोठताना नळीने पाणी ढवळत ठेवतो. मैदानावर असा भुसभुशीत बर्फ चालत नाही. स्केटच्या पात्याखाली त्याचे तुकडे उडतात. तिथे दोन सत्रांच्या मध्ये एक मोठे यंत्र फिरते, वरचा खरवडलेला थर तासून घेते आणि मागे पाणी पसरत जाते, आणि ते पाणी गरम असते. गरम पाण्यात हवा कमी विरघळलेली असते आणि ते जुन्या बर्फाचा वरचा पापुद्रा किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होते. १९४९ साली कॅलिफोर्नियात फ्रँक झांबोनी याने ते यंत्र बनवले, आणि तो मूळचा आमच्याच धंद्यातला, लादीचा कारखानदार होता. घराघरांत फ्रीज आले, लादीचा खप बसला, तेव्हा त्याने स्केटिंगचे मैदान काढले होते.

आणि मैदानाचा पांढरा रंग बर्फाचा नसतो. स्वच्छ बर्फाखालून करडे काँक्रीट दिसेल आणि त्यावर काळा पक, म्हणजे ती रबराची चकती, डोळ्याला सापडणार नाही, म्हणून पातळ थरांच्या मध्ये पांढरा रंग देतात. पकही सामन्याआधी गोठवून ठेवतात, नाहीतर तो चेंडूसारखा उसळतो.

वाळवंटातही हे जमते. संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन येथे २०२५ साली महिलांची आशिया चषक स्पर्धा झाली, तीही मेअखेर आणि जूनच्या तोंडावर, आणि तिथे भारताच्या मुलींनी कांस्यपदक मिळवले. संघाचा कणा लडाखचा, म्हणजे हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर खेळून तयार झालेल्या मुलींचा. १९८९ पासून भारत या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सदस्य आहे, हे मलाही तेव्हाच कळले.

हर्णैकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लादीवाले दादा, आता बंदरावर लादी फुटताना आधी गाभा पाहण्याची खोड लागली आहे.

दर्यावर्दींनी सांगितलेला छोटा तक्ता काल रात्री मी आमच्या वहीवर मांडून पाहिला. तीन संघांना अ, ब, क म्हणतो. अ ने ब ला दोन गुणांनी, ब ने क ला तीन गुणांनी आणि क ने अ ला नऊ गुणांनी हरवले होते. म्हणजे आपापसांत प्रत्येकाचा एक विजय, एक पराभव. आणि फरक पाहिला तर क अधिक सहा, ब अधिक एक, अ उणे सात. आम्ही पुढे नेला होता तो अ, कारण गटातल्या शाळकरी पोरांच्या संघाला त्याने एक्केचाळीस गुणांनी हरवले होते. पंचसाहेब, आपली हरकत मान्य करूनही मला आता हा निकाल बरोबर वाटत नाही. पुढच्या वर्षीच्या नियमपत्रकात समोरासमोरची लढत आधी आणि तिघे समान असल्यास छोटा तक्ता, असे लिहून घेण्याचा प्रस्ताव मंडळापुढे ठेवणार आहे.

क संघ शेजारच्या वाडीचा. त्यांचा कप्तान रोज सकाळी लिलावाच्या वेळी बंदरावर भेटतो आणि अजूनही माझ्याशी नीट बोलत नाही. ही वही त्याला दाखवावी की नियम मंजूर होईपर्यंत थांबावे, ते अद्याप ठरलेले नाही.

शिट्टी, गुहागर

वही दाखवा. पण लिलाव आटोपल्यावर.